सुखराम फाटकावर थांबला

सुखराम : माही रेस तुह्या साहेबानं खाल्ली. पोट्ट्यायनं नाही, चिखलानं नाही, माह्या शेचाळीस वर्सानं बी नाही. साहेबानं. जा, असंच्या असं सांग त्याले.

दिवाकर : काका, मी भांडायला नाही आलो. साहेबांचा निरोप घेऊन आलोय. बसू का?

सुखराम : बस. त्या बाजेवर नोको, दोर तुटला हाये तिचा. इकडं बस, सायकलीपाशी.

कौशल्या : कोन जी हा पोट्टा?

सुखराम : दिवाकर. रायपूरचा. कालच्या सायकल रेसमंधी दुसरा आला तो हाच. पिवळी बनियान होती न, हार घातला त्याले.

कौशल्या : मंग हार घालूनच याचं न, बाप्पा. आमच्या आंगनात बी पायला असता का हार कसा असते.

(कौशल्या दिवाकरपुढे पाण्याचा लोटा ठेवते. अर्धाच भरलेला.)

कौशल्या : अर्धा हाये, राग नोको मानू. नळाले पानी नाही. टँकर तं तुमच्या साहेबानं मैदानात ओतला, चिखल कराले. पाऊस जाऊन महिना झाला, मंग चिखल कुठून आनन बिचारा.

दिवाकर : वो तो कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबांची कल्पना होती, काकू. त्यांच्याकडे म्हणे अशीच रेस असते. चिखलातून, नाल्यातून, जिथं चालवता येत नाही तिथं सायकल खांद्यावर घेऊन पळायचं.

सुखराम : मले आवडली ते कल्पना. सडकेवर तुमची पातळ टायरवाली सायकल दिसली म्हनता म्हनता गायब होते. पन माती काढलेल्या त्या खोल खंतीत तुमाले बी उतराच लागते. आन् उतरलं का मंग मी रिगर मानूस. रोज लोखंड वाहातो या खांद्यावर, सायकल तं सायकल.

दिवाकर : खरं सांगू? खंतीतून वर येताना मागं वळून पाहिलं तर तुम्ही. मडगार्ड काढलेली ती काळी सायकल, आणि एवढा म्हातारा... सॉरी, काका.

सुखराम : म्हन न. म्हाताराच हावो. काठावरले पोट्टे म्हनून राहिले होते, आजा, कॅरिअरवर नातवाले बसव. पन फाटकापरेंत मी दहावा होतो. दहा जन रविवारच्या फायनलले. मंग ठेकेदाराच्या मालगाडीची लाईन आली, तिचं फाटक आलं.

कौशल्या : आन् फाटकावर झंडी घेऊन माहा भाऊ फकिरा.

दिवाकर : निरोप त्याच्याबद्दलच आहे. उद्या कमेटीपुढे तुम्ही एवढंच म्हणायचं, फकिरानं लाल झंडी चुकून दाखवली. बस. मग तुम्ही थांबलात ती तुमची चूक धरणार नाहीत. रविवारी अकरावा म्हणून उतरवतील तुम्हाला.

कौशल्या : आन् फकिराचं?

दिवाकर : त्याचं साहेब बघतील.

कौशल्या : बघतीन म्हंजे काढतीन. फकिरा ठेकेदाराचा मानूस. सकाळी काढला तं दुपारी झोपडी बी खाली कराची.

सुखराम : थांब वं जरा. दिवाकर, मले आधी एक समजू दे. झंडी लालच होती न?

दिवाकर : लाल होती.

सुखराम : तुले दिसली?

दिवाकर : दिसली. म्हणजे, माझ्या पुढं तो पहिला आलेला फौजी होता, तो गेला, त्याच्या मागं सगळे गेले, मी पण गेलो. सोचने का टाइम ही नहीं था, काका. आणि साहेब तिथंच उभे होते, ओरडत होते, रुको मत, रुको मत.

सुखराम : हाच साहेब कारखान्यात रोज भोंग्यावरून सांगते, जान आधी, काम मंग. बरं, गाडी पायली तू?

दिवाकर : शिट्टी ऐकली. जवळ होती की लांब, कळलं नाही. पाहिलंच नाही तिकडं.

सुखराम : मी बी नाही पायलं. डोळ्यात चिखल होता. लाल दिसलं आन् पाय थांबले. इथं आल्यापासून हेच शिकवलं आमाले, लाल दिसलं का हातातला पाना बी खाली नाही टाकाचा. सायकल खांद्यावर, तसाच उभा राहिलो. मागचे पोट्टे माह्या दोन्ही बाजूनं निंगून गेले. मी फकिराले म्हटलं, गाडी गेली का रे? तो म्हने, भाऊजी, गाडी तिकडंच उभी राहिली, आता हिरवी दाखवाची का नाही ते मले कोनी सांगतलं नाही.

कौशल्या : मंग दोघं बी उभे. एक झंडी धरून, एक सायकल धरून. लग्नात फोटोले उभे राहतेत तसे. सारी रुआबांधा वस्ती हासून राहिली.

दिवाकर : मग तेच तर, काका. गाडी थांबली होती. म्हणजे झंडीची गरजच नव्हती. म्हणजे चुकूनच झालं.

सुखराम : गाडी कावून थांबली पन? झंडी पाहून, का तुमाले लाईनीवर पाहून?

दिवाकर : ते मला नाही माहीत.

सुखराम : मले बी नाही. कोनालेच नाही, आन् साहेबाले मात्र ठाऊक हाये का फकिरा चुकला.

कौशल्या : तुमी बोलून काय राहिले? जाचं हाये का नाही तुमाले रविवारी?

सुखराम : जाचं हाये. तेच तं आफत हाये न. कालपासून डोक्यात एकच फिरून राहिलं. मी झंडी पाहून थांबलो का थकलो होतो म्हनून थांबलो? छाती भात्यावानी चालून राहिली होती. झंडी दिसली, तं खरं सांगतो, बरं वाटलं. शाळेले सुट्टी भेटल्यावानी.

कौशल्या : हे तुमी मले नाही सांगतलं.

सुखराम : मलेच आता बोलता बोलता दिसलं.

दिवाकर : मग या ना रविवारी. कळेलच, दम आहे की नाही.

सुखराम : त्याच्याचसाठी जीव चालला हाये माहा. पुढच्या साली हे गुडघे मानतीन का नाही, कोन सांगन. एकडाव पुरी रेस कराची होती तुमच्यासंग, मंधात न थांबता. शेवटचा आलो असतो तरी चाललं असतं.

कौशल्या : तं जा न. म्हना फकिरा चुकला. मी का अडवून राहिली? भाऊ बी माहा, नवरा बी माहाच, कोनाच्या बाजूनं बोलू ते मलेच उमजत नाही. पन संध्याकाळी फकिरा जेवाले येईन, तवा ताट तुमी वाढजा त्याले. मी नाही वाढनार.

दिवाकर : साहेबांना काय सांगू, काका?

सुखराम : येतो म्हन उद्या. म्हनीन, झंडी लाल होती आन् फकिरानं बरोबर धरली होती. मी कावून थांबलो ते मले नक्की ठाऊक नाही. इतकंच.

दिवाकर : मग फायनल गेली तुमची.

सुखराम : गेली.

दिवाकर : आणि आमची? झंडी बरोबर असेल तर आम्ही सगळे चुकीचे. साहेब हे ऐकूनच घेणार नाहीत.

सुखराम : नोको घेऊ दे. मी बोलीन.

कौशल्या : का रे पोट्ट्या, रविवारी रेस याच रस्त्यानं हाये का?

दिवाकर : हो. तेच मैदान, तेच फाटक. बडे मेहमान येणार आहेत.

कौशल्या : आन् फाटकावर कोन राहीन मंग? फकिराले तं तुमी काढून राहिले.

दिवाकर : कुणी नाही. साहेब म्हणाले, झंडीच नको, रेस अडते.

सुखराम : आन् गाडी?

दिवाकर : गाडी थांबवून ठेवणार असतील.

सुखराम : असतीन?

दिवाकर : मला तसं कुणी सांगितलं नाही. मी विचारलं पण नाही.

सुखराम : तू समोर राहशीन रविवारी. तुह्यामागं सारे. जा, आताच जा. साहेबाले पूस, गाडी कोन थांबवून ठेवनार हाये, त्याचं नाव काय हाये. बघू म्हनला तं तिथंच उभा राहजो, पुन्यांदा पुसजो. मी इथंच बसलो हावो. जवाब घेऊन येजो.