व्हॉल्व्हवरचे ओले गोणपाट

जबाब, दि. १४ ऑगस्ट २०२५

माझे नाव परशुराम बाबू गोताड, वय ६७ वर्षे, धंदा नोकरी, शिक्षण पाचवी, मूळ गाव मालगुंड, सध्या रा. बर्फ कारखान्याची चाळ, बंदर रस्ता, रत्नागिरी.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील कारखान्यात एकतीस वर्षे बर्फाच्या मशीनवर आहे; त्यात अमोनिया गॅस असतो. मला सर्व जण आप्पा म्हणतात. मशीनच्या खोलीच्या दाराशी नोंदवही टांगलेली असते. बारीकसारीक बिघाडही त्यात लिहायचा असा नियम आहे.

दोन वर्षांपूर्वी मी त्यात 'गॅसचा वास येतो' असे लिहिले होते. मशीन चार तास बंद ठेवले. बर्फाअभावी तीन होड्या धक्क्यावर राहिल्या. वास फिनेलचा निघाला. तेव्हापासून मला 'फिनेल आप्पा' म्हणतात. त्यानंतर मी वहीत काही लिहिले नाही.

नारळी पौर्णिमेला आम्ही मशीनलाही नारळ देतो. नारळ दिल्यावर आठ दिवस मशीन बंद करायचे नाही, असा आमच्यात रिवाज आहे. मशीन थांबले तर हंगाम थांबतो, असे मानतात.

दि. १० रोजी सकाळी सातच्या सुमारास मागच्या व्हॉल्व्हजवळ मला गॅसचा वास आला. खात्रीसाठी तीनदा जाऊन आलो. वही उघडली, पेन हातात घेतले. नारळ देऊन दोनच दिवस झाले होते. मी पेन ठेवले आणि व्हॉल्व्हला ओले गोणपाट गुंडाळले. गॅस पाण्यात विरतो, त्यामुळे वास येत नाही. नंतर रोज सकाळ-दुपार त्यावर पाणी ओतत होतो. आमच्याकडे ओली गोणपाटे सगळीकडेच असतात, म्हणून कोणी विचारले नाही. जेवणातही लक्ष नव्हते. आठ दिवस निघाले की सांगू, असे ठरवले होते.

दि. १३ रोजी सकाळी साडेदहाला माझा सहकारी विनोद, वय ३६, तो व्हॉल्व्ह फिरवायला गेला. जाताना म्हणाला, "काय आप्पा, आज फिनेल नाय वाटतं?" मी म्हणालो, "मास्क लाव." तो म्हणाला, "वास तरी येतोय काय?" मी त्याला जाऊ दिले. व्हॉल्व्ह फिरवताच गॅस त्याच्या तोंडावर आला. मी मशीन बंद करून त्याला ओढून बाहेर काढले व डोळ्यांवर पाणी ओतले. लोक त्याला रिक्षात घालत असताना मी मास्क लावून आत गेलो, गोणपाट सोडले व माझ्या पिशवीत ठेवले. हे कोणी पाहिले नाही.

मॅनेजर मुकुल साहेब म्हणाले, "मास्क न लावता गेला, चूक त्याचीच." मी होकाराची मान हलवली.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. विनोदच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. आवाजावरून ओळखून त्याने विचारले, "आप्पा, वास कसा नाय आला ओ?" त्याची बायको शमिका तिथेच होती. मी चहा आणतो म्हणून बाहेर आलो, तो परत गेलो नाही.

वास आला नाही तो माझ्यामुळे. विनोदची चूक नाही. गोणपाट सोबत आणले आहे, ते जमा करत आहे. अजून ओलसर आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला दोन वेळा वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. विनोदला अजून दिसत नाही. त्यालाही हा असाच वाचून दाखवावा, ही विनंती.