किनाऱ्यावरचे रुमाल

समुद्रापासून शेकडो मैल दूर, प्रताप नगरातल्या एका सभागृहात समुद्रकिनाऱ्याच्या धोक्यांवर जनसुनावणी होती. मी बाहेर तर्रीपोह्यांच्या रांगेत उभा होतो; पुढे देवाजी होता, मागे एक अनोळखी मावशी.

“देवाजी, तू काहून आला गा?”

“खुर्च्या भरायले बोलावलं. रजिस्टरात ‘किनाऱ्याचा रहिवासी’ लिहून देलं, खुर्चीवर रुमाल टाकला अन् इकडं आलो.”

“समुद्र पाहिला तरी काय?”

“एकडाव गेलो होतो. पण त्या दिवशी ओहोटी होती. तू काय लिहिलं?”

“मच्छीमार.”

“काहून?”

“दर रविवारी खातो ना गा! अन् मावशी, तुम्ही कुठल्या?”

“मी कोकणातली. समुद्र घराच्या पायरीला लागलाय, तेच सांगायला दोन गाड्या बदलून आले.”

“मंग आत जा ना!”

“सोडत नाहीत. म्हणतात, सगळ्या खुर्च्यांवर किनाऱ्यावरच्या माणसांचे रुमाल आहेत.”