मैल न वाढवता समुद्र

(यॉर्कशायरमधल्या एका घराचं गॅरेज, दार बंद. आत करड्या रंगाची जुनी मॉरिस मोटार. चालकाच्या जागी क्लेमंट, शेजारी त्याची बायको डोरीन.)

क्लेमंट: ...म्हणून सांगतो, समुद्र हा माणसाच्या आत्म्याचा आरसा आहे, डोरीन! ज्याने वर्षभरात त्यात तोंड पाहिलं नाही, तो जगला काय आणि न जगला काय. आज आपण फाइलीचा किनारा गाठणार म्हणजे गाठणार!

डोरीन: बरं. मग दार उघडू गॅरेजचं?

क्लेमंट: वेड लागलंय का तुला? मैल वाढतील.

डोरीन: मग समुद्रालाच निरोप धाडायचा का, ये म्हणून?

क्लेमंट: नेहमीसारखं जायचं. डोळे मीट. हं, निघालो. गल्ली संपली. हे डावीकडे चर्च.

डोरीन: चर्च उजवीकडे आहे.

क्लेमंट: आज वेगळ्या रस्त्याने घेतोय.

डोरीन: हँडब्रेक तरी सोड.

क्लेमंट: तुला थट्टा सुचतेय. आज क्लबचा चिटणीस पिकर्सगिल येतोय मैलांचा काटा बघायला. वर्षाला हजार मैलांच्या आत असलो, तरच तो सही करणार. त्याची सही असली, तरच जुन्या मोटारींच्या क्लबची विम्यातली सवलत मिळणार. आणि सवलत गेली तर...

डोरीन: तर पेन्शनमध्ये विमा बसत नाही, आणि सोमवारी लीड्सचा दलाल येऊन गाडी घेऊन जातो. पाठ झालंय मला. झोपेतसुद्धा बडबडतोस.

क्लेमंट: पण मी निर्धास्त आहे. वसंतात गल्लीच्या टोकाला मेळावा झाला, तिथवर नेली तेवढीच. त्यानंतर चाक हललेलं नाही.

डोरीन: काटा बघितलास का?

क्लेमंट: नाही. सारखं बघितलं की वाढतो. वजनाचं नाही का तसंच होत?

डोरीन: चालव. रिलिंग्टन मागे पडलं.

क्लेमंट: पडलं. धुकं आहे बघ शेतांवर. मेंढ्यांचे पायच दिसत नाहीत. नुसती लोकर तरंगतेय, ढग खाली चरायला उतरल्यासारखी.

डोरीन: खिडकी खाली घेते. ओल्या गवताचा वास येतोय.

क्लेमंट: तो लॉन कापायच्या यंत्राचा. मागे ठेवलंय. पण असू दे, छान येतोय. आता मस्टन. आता तो उतार. तो उतार उतरताना पोटात कसं हलकं होतं, नाही?

डोरीन: होतं. आणि मग एकदम घरं बाजूला सरतात.

क्लेमंट: सरली. आलं! आज पाणी आपल्या गाडीच्याच रंगाचं आहे, डोरीन. बॉनेट कुठे संपलं आणि समुद्र कुठे लागला, कळत नाही. लावतो इथेच, त्या हिरव्या चहाच्या दुकानापाशी.

डोरीन: निळ्या.

क्लेमंट: हिरवं आहे ते. चाळीस वर्षं हिरवं आहे.

डोरीन: ईस्टरला निळं रंगवलं. आणि बाकं उचलून पलीकडच्या भिंतीला लावलीत. तिथे ऊन लवकर येतं.

क्लेमंट: तुला काय माहीत?

डोरीन: डोळे मिटल्यावर दिसलं.

क्लेमंट: माझेही मिटलेले आहेत. मला का नाही दिसलं?

डोरीन: कुणीतरी दार वाजवतंय, क्लेम. पिकर्सगिलच असणार. आत या, उघडंच आहे!

पिकर्सगिल: नमस्कार. तुम्ही गाडीत बसलेले आहात.

क्लेमंट: फाइलीला आहोत. या.

पिकर्सगिल: अच्छा. मी घाई करत नाही. गर्दी आहे का?

क्लेमंट: आज बुधवार. शुकशुकाट.

पिकर्सगिल: मग नियमाप्रमाणे आधी काटा बघून घेतो. जरा सरका. गेल्या वर्षीचा आकडा माझ्याकडे आहे. त्यातून हा... हं. हं. क्लेमंट, तुम्ही मर्यादेच्या साठ-सत्तर मैल वर आहात.

क्लेमंट: अशक्य! चष्मा पुसा.

पिकर्सगिल: पुसलेला आहे.

क्लेमंट: मग यंत्र बिघडलंय. पिकर्सगिल, मी या गाडीत बसून अर्धं इंग्लंड पाहिलं, वेल्सच्या डोंगरांपर्यंत जाऊन आलो, पण एक इंचसुद्धा... डोरीन, सांग ना यांना.

डोरीन: यंत्र ठीक आहे, क्लेम.

क्लेमंट: म्हणजे?

डोरीन: गुरुवारी तू गावाबाहेर तुझ्या भाजीच्या वाफ्यावर जातोस. सकाळी जातोस, अंधारायला लागलं की येतोस. तेवढ्यात फाइली होतं. जाऊन, तासभर पाण्याकडे बघून, परत.

क्लेमंट: दर गुरुवारी?

डोरीन: पाऊस असला तरी. पावसात जास्त चांगलं दिसतं.

क्लेमंट: आणि शुक्रवारी तू माझ्या शेजारी इथे बसून म्हणायचीस, "वा, काय लाटा आहेत!"

डोरीन: होत्याच. तू छान सांगतोस. कधीकधी तिथल्यापेक्षा इथल्या बऱ्या असतात.

क्लेमंट: मला नेलं का नाहीस?

डोरीन: तीनदा म्हटलं चल. तीनदा तू म्हणालास, मैल. मैलांचं नव्हतं ते. गेल्या शरदात स्टॅक्स्टनच्या चौकात तू गाडी थांबवलीस, आणि पुढे घेईनास. चाक घट्ट धरून बसलास. मागे लॉरीवाला भोंगा वाजवत होता. त्याच आठवड्यात तू क्लबचा सभासद झालास.

क्लेमंट: सवलतीसाठी झालो.

डोरीन: हो. सवलतीसाठी.

पिकर्सगिल: मी बाहेर थांबू का?

क्लेमंट: थांबा इथेच. तुम्ही काय ते लिहून टाका. सोमवारी दलाल येईल. मी हिला आतून-बाहेरून पुसून ठेवतो. जाताना नीटनेटकी जाऊ दे.

पिकर्सगिल: एक प्रश्न विचारतो, डोरीनबाई, नियमाप्रमाणे. तुम्ही गाडी तिथे नेमकी कुठे लावत होता?

डोरीन: तुम्हाला माहीत आहे, पिकर्सगिल.

पिकर्सगिल: मला तुमच्या तोंडून हवंय.

डोरीन: धक्क्याच्या वर, कठड्यापाशी. एका हिरव्या ऑस्टिन गाडीच्या शेजारी.

पिकर्सगिल: आणि ऑस्टिनमध्ये?

डोरीन: एक गृहस्थ. वर्तमानपत्र तोंडापुढे धरलेले. उलटं.

क्लेमंट: हिरवी ऑस्टिन तर तुमची आहे!

पिकर्सगिल: माझीच. बायको गेल्यापासून गुरुवारी घरात फार शांत असतं. आणि माझाही काटा, चिटणीस असूनसुद्धा, ऑगस्टातच हजार ओलांडून गेला. डोरीनबाईंनी ओळख दाखवली नाही, मीही दाखवली नाही. दाखवली असती तर बोलावं लागलं असतं.

डोरीन: एकदा वायपर सुरू करून नमस्कार केला होता मी.

पिकर्सगिल: मीही वायपरनेच उत्तर दिलं. तुम्हाला वाटलं असेल पाऊस पुसतोय.

क्लेमंट: म्हणजे सगळं यॉर्कशायर समुद्रावर जाऊन आलं, मी सोडून.

पिकर्सगिल: क्लेमंट, ऐका. क्लबच्या सहलीचे मैल हजारात धरायचे नाहीत, हे विमावाल्यांनीच कबूल केलंय. आणि सहल म्हणजे काय, तेही आमच्या घटनेत लिहिलेलं आहे: सभासदांच्या दोन गाड्या, एक पदाधिकारी आणि चहा. डोरीनबाई तुमच्याबरोबर सभासद आहेतच. चहा होता का?

डोरीन: थर्मासमध्ये.

पिकर्सगिल: माझाही. मग त्या सहलीच होत्या. आम्हालाच कल्पना नव्हती. विमावाल्यांना जे घडलं ते जसंच्या तसं कळवतो, ऑस्टिनसकट. हे वाचून ते नाही म्हणतील असं वाटत नाही. झाली सही.

डोरीन: क्लेम, दलालाला फोन कर. नको म्हणावं.

क्लेमंट: करतो. पण आधी एक सांगतो, दोघंही ऐका. आजवर हे गृहस्थ आणि माझी बायको समुद्राकडे चोरून बघत आले. आता ते बंद! आता सहल उजळ माथ्याने निघेल, दोन गाड्यांची, भर दिवसा, चौकातून, लॉरीवाल्यांच्या नाकासमोरून! पिकर्सगिल, ऑस्टिन काढा. पुढे तुम्ही, मागे मॉरिस. दार उघडा गॅरेजचं. पुरतं उघडा, उजेड येऊ दे!

पिकर्सगिल: आज गुरुवार नाही.

क्लेमंट: समुद्राला काय कळतंय?

पिकर्सगिल: खरं आहे. आणतो गाडी.

डोरीन: गेला बघ, जवळजवळ पळतच. क्लेम, किल्ली फिरव ना. काय झालं?

क्लेमंट: डोरीन...

डोरीन: काय रे?

क्लेमंट: तू जरा इकडच्या बाजूला बसशील?