बारावी फळी

यान्ना: कॉफी नको, बिस्किट नको, त्या डब्याचं झाकण लाव आधी. तुझ्या त्या पुस्तकाचं पान एकोणचाळीस काढ आणि मोठ्याने वाच.

रिनस: यान्नामावशी, बसा तरी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एवढ्या वाऱ्यात सायकल मारत आलात...

यान्ना: माझं वय मोजायला नाही आले मी. वाच.

लेना: यान्ना, इथे ये. माझ्या खुर्चीत बस.

रिनस: आई, तुझ्या खुर्चीत? नातवंडांनासुद्धा बसू देत नाहीस तिथे.

लेना: आज बसू दे.

यान्ना: बसले. झालं? आता वाच.

रिनस: "वेस्टरक्रेक नगरपालिकेची सगळी जमीन समुद्रपातळीच्या खाली असून..."

यान्ना: ते नको रे! जन्म गेला त्या जमिनीत माझा. खाली, पुराचं.

रिनस: "एकोणीसशे त्रेपन्नच्या पुरात, आतल्या बांधामधली रस्त्याची खिंड फळ्या रचून बंद करताना पहारेकरी क्राइन बास्टिआन्से याने हलगर्जीपणाने बारावी फळी बसवली नाही. त्यामुळे खालच्या वाडीतील एकोणीस माणसे बुडाली."

यान्ना: हलगर्जीपणाने! कुणी पाहिला रे हलगर्जीपणा? तू होतास तिथे?

रिनस: माझा जन्मही नव्हता तेव्हा. पण कागद आहेत मावशी. चौकशीचा अहवाल आहे.

यान्ना: तुझ्या आजोबांच्या सहीचा! तेच मेयर, तेच चौकशी करणार, तेच लिहिणार. वा रे न्याय! त्या एकोणिसांत माझी आई होती. माझी चार वर्षांची बहीण होती. माझ्या बापाने स्वतःची बायकापोरं बुडवली, आळसाने?

रिनस: तसं कुठे म्हटलंय मी?

यान्ना: मग कसं म्हटलंयस? बाबा मरेपर्यंत एकच सांगत होते, बांधाजवळच्या झोपडीत फळ्या ठेवायचे, तिथे बारावी नव्हतीच. जानेवारीच्या एक तारखेला मोजल्या तेव्हा बारा होत्या. दर महिन्याच्या एक तारखेला मोजायचे. आणि पाणी आलं ते फेब्रुवारीच्या एक तारखेला, पहाटे. मोजायला दिवस तरी उजाडला का?

रिनस: फळी बाहेर पडून राहिली आणि वाहून गेली, असं अहवालात आहे. बाकीच्या अकरा आपल्या पुराच्या प्रदर्शनात आहेत. मी आणि मेव्हण्याने मिळून एकेक उचलली, दोघांचीही कंबर धरली. अशी वजनदार फळी आपोआप पाय फुटून जाईल होय?

यान्ना: नाहीच जाणार! तेच तर ओरडून सांगतेय!

रिनस: माझ्यावर ओरडू नका. माझ्या आजोबांनी त्या दिवशी होडीतून साठ माणसं काढली. उगीच नाही चौकाला त्यांचं नाव.

यान्ना: चौक त्यांना, आणि शिव्या माझ्या बापाला. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचे ते, ठाऊक आहे? शेजारचा बाक रिकामा राहायचा. शाळेत पोरी मला म्हणायच्या, फळी कुठंय गं, फळी? एक जानेवारीला आपली नगरपालिका त्या मोठ्या शहरात विलीन होणार. हे तिचं शेवटचं पुस्तक, घरोघरी फुकट वाटणार. त्यानंतर आपल्यावर कोण काय लिहिणारय? माझा बाप त्यात कायमचा आळशी राहणार!

रिनस: उद्या सकाळी छपाईला जातंय मावशी. पुराव्याशिवाय एक शब्दही बदलता येणार नाही. माफ करा.

यान्ना: पुरावा! वाहून गेलेल्या पाण्याकडे पुरावा मागतोय हा. बास, निघते मी.

लेना: यान्ना, थांब. टेबलाच्या खाली हात घाल. तुझ्या उजव्या गुडघ्याच्या वर.

रिनस: आई, हे काय मध्येच? तू विणकाम कर बघू.

लेना: घाल ना हात.

(यान्ना टेबलाखाली हात घालते आणि बोटांनी चाचपते.)

यान्ना: आकडा आहे. एक... आणि दोन. शेजारी तीन खाचा. हे बाबांचं कोरीवकाम आहे. फळीवरच्या प्रत्येक आकड्याशेजारी तीन खाचा मारायचे. लेनाबाई, हे काय आहे?

लेना: माझं लग्न सतरा जानेवारीला झालं. पाहुणे चाळीस, टेबलं अपुरी. झोपडीची दुसरी किल्ली वडिलांकडे असायची. म्हणाले, टेबल म्हणून एक फळी आणू, सोमवारी परत ठेवू. मग तो सोमवार गेला, पुढचाही गेला. आणि मग पाणी आलं. नंतर त्यांनी तिचे तीन तुकडे करून हे टेबल केलं.

रिनस: आई, हल्ली तुला नीट आठवत नाही...

लेना: औषध घेतलं का ते आठवत नाही. हे आठवतं.

यान्ना: पासष्ट वर्षं! पासष्ट वर्षं ह्याच्यावर पाव कापलात? नाताळची जेवणं घातलीत? माझा बाप रस्त्याने मान खाली घालून जायचा तेव्हा ह्या खिडकीतून बघत होतात?

लेना: बघत होते.

यान्ना: आणि तोंडाला कुलूप! चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीत तुम्ही. तुमच्या वडिलांची तरी सही होती, लेनाबाई. तुमचं काय होतं?

लेना: भीती. आधी वडिलांची, मग लोकांची, मग ह्याची, माझ्या पोराची. ही खुर्ची कधी सोडली नाही मी. दुसऱ्या कुणाचा हात तिथे जाऊ नये म्हणून. माफ कर असं म्हणणार नाही. तोंड नाही मला.

यान्ना: नाहीच आहे! आणि माफी मागितलीत तरी देणार नाही मी.

रिनस: म्हणजे प्रदर्शनातल्या पाटीवर मी स्वतः लिहिलं, "बारावी फळी पुरात वाहून गेली." आणि रात्री इथे येऊन ह्याच्यावरच सूप प्यायलो.

लेना: पेन घे रिनस. छापखान्याला फोन कर, थांबा म्हणावं.

रिनस: चौकाचं नाव, आई... लोक काय म्हणतील?

यान्ना: लोक काय म्हणतात ते मला विचार. मी ऐकलंय आयुष्यभर.

रिनस: खरं आहे. त्या पहाटे तुमच्या बाबांच्या मदतीला कोण होतं मावशी? नावं घालतो.

यान्ना: दोघे नेमलेले होते. दोघेही आपापली गुरं सोडवायला पळाले. दोष नाही देत मी त्यांना. पाणी एक वीत वरून गेलं, बस्स. एका फळीएवढं.

रिनस: काय लिहू, सांगा. शब्दाला शब्द लिहितो.

यान्ना: फार नको. लिही, क्राइन बास्टिआन्सेने त्या पहाटे अकरा फळ्या बसवल्या. एकट्याने.