पाच वर्षांचा फ्रॉक

तीन नाही हो टेलरदादा, पाच. पाच पुरी झाली पोरीला. तुम्हीच काय, सगळेच तीन म्हणतात, बसवाला तर तिकीटही मागत नाही — तर हा फ्रॉक. हिच्या आईने, म्हणजे माझ्या सुनेने, शहरातून धाडलाय, दुकानात वय सांगून घेतला, आणि बघा ना, पायांत लोळतोय नुसता. हात तर बाह्यांत हरवलेच. ए चिमणे, सरळ उभी राहा, काकांना माप घेऊ दे — तर खालून घ्या, कंबरेत घ्या, खांदे उचला. हिच्या मापानेच आणलाय असं वाटलं पाहिजे. उद्या सकाळच्या गाडीने सून येतेय. फोटोत काय, सुनेला धाडायला शेजारीण फोटो काढते तेव्हा मी हिला स्टुलावर उभी करते आणि पुढ्यात टोपली ठेवते, कुणाला कळतंय! पण आता समोरासमोर यायचीय ना ती.

असं बघू नका माझ्याकडे. उपाशी ठेवते काय मी? पोटभर घालते. भात, भाताचं पाणी, चहात बुडवून पाव — दूध? दूध चहापुरतं. अंडं मिळालं तर मिळालं. पोट भरतं हो तिचं, अंगच धरत नाही. आमच्या गल्लीतला नळ तुम्ही पाहिलाय, गटाराला टेकूनच उभाय. तान्हेपणी हिला सारखे जुलाब — जरा कुठे तरतरी आली की पुन्हा सुरू. आणि सून तरी काय, पोटुशी असताना डोक्यावर विटा वाहायची, सगळ्यांचं झालं की पातेल्याच्या तळाला उरेल ते खायची. मीही तशीच जेवले की, माझी आईही. पण ते जाऊ दे, आमच्यात सगळे बुटकेच. रक्तातच आहे. मी बघा, तुमच्या या टेबलावरून माझं नाक जेमतेम वर येतंय. हसू नका.

एक धाकटी बहीण तेवढी उंच. तिला तान्ही असतानाच मावशीने नेली, मावशीला मूल नव्हतं — घरात दुभतं जनावर, दारात स्वतःची विहीर, पाणी कसं काचेसारखं. माझ्या लग्नात आली तर वऱ्हाडी विचारतात, ही नवऱ्याकडची का? मी थोरली, आणि तिच्या खांद्याला लागत होते! आईने आम्हा दोघींना शेजारी उभं केलं, एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पदर तोंडात धरून आत निघून गेली. मला वाटलं, लग्नाचं रडू आलं असेल. एकाच आईच्या हो आम्ही. एकाच —

हात का थांबवलात? लावा ना टाचण्या.

सून फोनवर म्हणाली, पोर खुरटलेली दिसली तर मी घेऊन जाईन, माझ्या कारखान्याच्या पाळणाघरात दूध देतात, अंडं देतात, डॉक्टर येतो. न्यावीच तिने, आई आहे ती. पण मुलगा माझा गेला तो गेलाच, घरात बोलायला भिंती. संध्याकाळी हीच तेवढी 'आजी, कुठेयस' म्हणून हाक मारते — एवढ्याशा खोलीत मी कुठे जाणार, तरी रोज हाक मारते. म्हणून म्हटलं, फ्रॉक मापाचा दिसू दे. फक्त कापू नका, आत दुमडा, वाढली की उसवता येईल.

किती दुमडताय? अजून? एवढं कापड आत जाणार?

ठेवा ती कात्री. ठेवा म्हणते ना. टाचण्या काढा सगळ्या, तिला टोचतील. असाच घालते उद्या, लोळू दे जमिनीवर. बघू दे तिच्या आईला.

चल गं चिमणे. घेर वर धर, अडखळशील. — नाही हो दादा, आता थांबत नाही. तिचे कपडे बांधून ठेवायचेत.