गाठीत सोनं

(परळच्या एका इस्पितळातली छोटी खोली. टेबलावर कॅमेरा. सत्तरीच्या मीनाक्षीबाई, त्यांचा मुलगा उन्मेष, आणि तरुण डॉक्टर एव्हलिन.)

एव्हलिन : नाही उन्मेष, तुम्ही नाही बोलायचं. काय समजलं ते आईंनी कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या शब्दांत सांगायचंय. संमतीचा नियम आहे.

उन्मेष : अहो, ती दुसरी शिकलेली. नॅनो-बिनो काय सांगणार?

मीनाक्षी : दुसरी कसली, पहिलीतच काढली बापानं. आणि त्याच बाईनं डिलाईल रोडला खानावळ चालवून तुला इंजिनियर केला. गप बस तिथं. हां, विचार गो पोरी.

एव्हलिन : मानेतल्या गाठीचं आपण काय करणार, आजी?

मीनाक्षी : आजी कोणाला म्हणतेस? मावशी म्हण. तू मघाशी पोलीस, सैनिक सांगत होतीस ना, ते काय पटलं नाही मला. पोलीस कधी वेळेवर येतात? हे ढेकणांसारखं आहे.

एव्हलिन : ढेकूण?

मीनाक्षी : तुमच्या माझगावात नसतील. आमच्या चाळीत खाटेच्या फटीत बसायचे मेले. उकळतं पाणी ओतायचो फटीत. तसे तू गाठीत सोन्याचे कण सोडणार, डोळ्यांना न दिसणारे. वरून उजेड मारायचा, सोनं तापणार, गाठ आतून भाजणार. पण एक खाट धुऊन काय होतंय? भिंतीत असतातच की. माझ्या फुप्फुसात आहेत तसे.

एव्हलिन : मग त्यांचं काय?

मीनाक्षी : त्याला ते सलाईनमधलं औषध. अंगातले राखणदार डुलक्या काढतायत, त्यांना हलवून उठवायचं. भाजलेला ढेकूण नाकाशी धरायचा. हा असा दिसतो, असा वास मारतो, आता खोल्याखोल्यांत शोधा!

एव्हलिन : मावशी, आमच्या मोठ्या सरांनाही असं सांगता येत नाही. आता मला सांगा, ह्याने आजार बरा होईल का?

मीनाक्षी : होणार. दिवाळीपर्यंत पूर्ण. उन्मेष बोलला.

एव्हलिन : उन्मेष?

उन्मेष : पुढे चला ना डॉक्टर, प्लीज. तयार आहे ती.

एव्हलिन : अशी संमती मला घेता येणार नाही. मावशी, हा अजून प्रयोग आहे. उंदरांत गुण आला. माणसांत तुम्ही नवव्या. आठांपैकी तिघांच्या गाठी लहान झाल्या, त्यातल्या एकाच्या फुप्फुसातलीसुद्धा. बाकीच्यांना काही फरक नाही. कातडी भाजू शकते. औषधाने आतडी सुजू शकतात. बरं वाटेलच, असं मी म्हणू शकत नाही.

उन्मेष : झालं समाधान? आता ही चालली घरी!

मीनाक्षी : खोटं बोललास माझ्याशी?

उन्मेष : मग काय करू? तिसऱ्या केमोतून तू चपला घालून एकटी घरी निघून आलीस. खरं सांगितलं असतं तर इथपर्यंत आली असतीस?

मीनाक्षी : विचारून तर बघायचंस. पोरी, नुसती घरी बसले तर किती दिवस?

एव्हलिन : काही महिने. नक्की कोणीच सांगू शकत नाही.

मीनाक्षी : आणि ह्यातून मधेच उठावंसं वाटलं तर?

एव्हलिन : कधीही उठा. कारणसुद्धा सांगायचं नाही.

मीनाक्षी : मग घे लिहून. बरी होईन का, मला माहीत नाही. ह्या डॉक्टरणीलाही माहीत नाही, आणि तिनं ते तोंडावर सांगितलं. म्हणून मी तयार आहे. मला कोणी ढकललेलं नाही. ह्यानंसुद्धा नाही.

एव्हलिन : थँक्यू, मावशी. इथे सही. आणि खाली नॉमिनीचं नाव, ते उन्मेष भरतील.

उन्मेष : नॉमिनी कशाला?

एव्हलिन : उपचारात काही झालंच तर... फॉर्ममध्ये लागतं ते.

मीनाक्षी : माझ्यामागे कोण, ते विचारतायत. लिही तुझं नाव. अरे, लिही की.

उन्मेष : नंतर लिहितो, आई.

मीनाक्षी : आण तो पेन इकडं. तू पाटीवर गिरवायचास तेव्हा बाजूला बसून मीपण शिकले. माझ्या नावाआधी तुझं यायला लागलं मला.