तारखेला दिसायचे

माझं माहेर मुरबाडच्या पुढं, डोंगराच्या कडेला. आम्ही चार बहिणी आणि एक भाऊ, मी तिसरी, सिंधू. शाळा चौथीपर्यंत, तीपण अर्धी गुरांमागं गेली. अठरावं सरलं आणि स्थळ आलं, मुलगा ठाकुर्लीला राहतो, टेलर हाय, शहाडला दुकान हाय, दुकान भाड्याचं पण मशीन स्वतःचं. बाप बोलला, चला, एक पोरगी चिखलातून सुटली. मी त्यांना नीट बघितलं ते अंतरपाट खाली आला तवाच, आणि काय सांगू तुम्हाला ताई, मान खाली घालायची असते ते विसरूनच गेले. दिसायला साधेच, पण हसायचे तवा आधी डोळे हसायचे आणि मंग तोंड.

ठाकुर्लीला एक खोली, बाहेर सामाईक नळ. संध्याकाळी ते पिशवी भरून ब्लाऊज आणायचे, मी काज-बटण करायची, हातशिलाई करायची, ते उंबऱ्यात बसून चहा प्यायचे आणि गिऱ्हाइकांच्या नकला करायचे, कुठली बाई ब्लाऊज तंग झाला म्हणून भांडली आणि स्वतःच चार महिन्यांत कशी फुगलेली, असं. मी हसून हसून सुई टोचून घ्यायची. त्यांना टेप लागायची नाय. नुसतं बघून माप सांगायचे. लग्नानंतर माझा पहिला ब्लाऊज शिवला तो माप न घेताच, आणि असा बसला की मलाच लाज वाटली. माणूस वाईट नव्हता हो. हे मी कोर्टातपण बोललेली, आमचे वकील माझ्यावर चिडलेले.

मंग शोभा झाली, माझी मुलगी. तिच्या मागं माझं काम सुटलं, आणि दुकानात शाळेच्या गणवेशाचं काम वाढलं, म्हणून काज-बटणाला एक मुलगी ठेवली. कमळ तिचं नाव, दिवा गावची. ती एकदा घरीपण आलेली, शोभाला मांडीवर घेऊन बसलेली. मला काय कळणार? आणि कळलं असतं तरी काय केलं असतं? पुढं हे उशिरा यायला लागले, मंग एक दिवसाआड, मंग आठ दिवस आलेच नायत. मी शोभाला कडेवर घेऊन शहाडला गेली, तर दुकानाला कुलूप. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा बसायचे, ते मान वर करेनात. मंग बोलले, बेटी, त्यांनी देवळात लग्न केलं, दिव्याला राहायला गेले. मी विचारलं, मशीन नेलं? ते बोलले, हो, टेम्पोतून. तवा मला कळलं की आता हे येणार नायत.

माझा भाऊ, दादा, एसटीत कंडक्टर. तो आला तो लालबुंद होऊनच. आम्ही पोलीस चौकीत गेलो तर हवालदार बोलले, बाई, पहिली बायको असताना दुसरं लग्न हा गुन्हा हाय, पण आम्हाला परस्पर उचलता येत नाय, तुम्ही स्वतः कोर्टात तक्रार करायला पाहिजे. मंग वकील बघितले. ते बोलले, चारशे चौऱ्याण्णव कलम, सात वर्षांपर्यंत शिक्षा. दादा बोलला, जाऊ दे आत. मी बोलले, मला ते आत नकोत, घरी पाहिजेत. वकील बोलले, घरी आणायचा दावा वेगळा असतो बाई, ह्यात नुसती शिक्षा. मी सही करेना. तर ते सहज बोलले, एकदा समन्स निघालं की दर तारखेला त्याला तुमच्यासमोर येऊन उभं राहावंच लागेल.

मी सही केली. दादाला वाटलं त्याचं ऐकून केली.

पहिल्या तारखेला जजसाहेबांनी विचारलं, नवऱ्याचं नाव काय. आमच्यात नाव घेत नायत, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. साहेब पुन्हा बोलले, बाई, आरोपीचं नाव सांगा. मी पदर तोंडाशी धरला आणि बोलले, वसंत. मागं कोणीतरी हसलं. आणि काय सांगू, ते पिंजऱ्याशी उभे होते, त्यांनी झटकन वर बघितलं, आपल्याला कोणी घरातून हाक मारली तसं.

मंग तारखा. कल्याणच्या कोर्टात सहा वर्षं तारखा पडत होत्या ताई. कधी साहेब रजेवर, कधी त्यांचा वकील नाय, कधी नुसतीच पुढची तारीख. लोक रडतात तारखांना. मी आदल्या दिवशी केस धुवायची. एक अंजिरी साडी होती, ती नेसायची. दादा बोलायचा, कोर्टात चाललीस का हळदीकुंकवाला? मी काय सांगू त्याला? व्हरांड्यात एका टोकाला आम्ही बसायचो, दुसऱ्या टोकाला ते उभे, मध्ये पन्नास माणसं. बारीक झालेत, खोकला झालाय, शर्टाचं बटण वेगळ्या रंगाचं लागलंय, सगळं मी तिथून बघायची. कमळ यायची नाय, तिला नंतर मुलगा झालेला. शोभा पप्पांकडे बघायची, ते शोभाकडे. एका तारखेला ते नुसते बघत राहिले आणि पुढच्या तारखेला कागदात गुंडाळलेला फ्रॉक शिपायाच्या हाती दिला. बरोबर बसला असता, पण तारीख पडलेली चार महिन्यांनी, पोरगी तेवढ्यात वाढली, कमरेत वर गेला. दादा बोलला, फेकून दे. शोभा तसाच आखूड घालून फिरली.

एकदा ते कँटीनपाशी जवळ आले. सिंधू, तक्रार मागं घे, साहेबांची परवानगी मिळते, मी विचारलंय. मी बोलले, अहो, मग घरी या, आत्ता घेते. ते बोलले, तिला कुठं सोडू, पोर हाय. मी बोलले, मग तारखेला तरी येत जा. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्या दिवशी त्यांना कळलं असणार मी केस कशासाठी चालवते ते. दुसरं कोणालाच कळलं नाय, आज तुम्हाला सांगते.

मंग माझी साक्ष आली. आमचे वकील बोलले, आधी तुमचं लग्न शाबीत करायचं, सगळं सांगा. मी सांगायला लागले. मांडव कुठं होता, मुंडावळ्या कोणी बांधल्या, होम कसा धुरकटला आणि दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं, सात पावलं चालताना माझा पाय शालूत अडकला तर ह्यांनी हात घट्ट धरून हळूच बोललेलं, सावकाश, गाडी सुटत नाय. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाय, आणि भर कोर्टात सांगत होते, लिहिणारा खटखट टाईप करत होता. साहेब बोलले, एवढं पुरे बाई. पण मला थांबवेना. ते तिकडं रुमालाने चष्मा पुसत होते.

आता त्यांचं दुसरं लग्न शाबीत करायचं. मला तर वाटायचं त्यात काय शाबीत करायचं, एका घरात राहतात, पोर हाय, तिच्या गळ्यात मंगळसूत्र हाय. पण कायदा तसा नाय. वकील बोलले, होम आणि सप्तपदी झाली असेल तरच ते लग्न, आणि ते लग्न असेल तरच गुन्हा. देवळातला भटजी साक्षीला आला, बोलला, हार घातले, मंगळसूत्र बांधलं, यजमान घाईत होते, होम केला नाय. दादाने कपाळावर हात मारला.

शेवटी त्यांच्या वकिलाने कमळला आणलं. त्यांच्याच बाजूची साक्षीदार. सहा वर्षांनी मी तिला बघितली. गळा मोकळा होता. मंगळसूत्र त्या सकाळीच काढून ठेवलेलं असणार, मानेवर काळ्या मण्यांचा वळ तसाच होता. वकिलाने विचारलं, आरोपीशी तुमचं लग्न झालंय? ती ह्यांच्याकडे बघत राहिली, मला वाटतं, ती वाट बघत होती की हे काही तरी बोलतील. हे भिंतीकडं बघत होते. ती बोलली, नाय. सात पावलं चाललात? नाय. मग तुम्ही त्यांच्या कोण? पोरगा बाकावरून आई आई करत होता. खरं सांगते, सहा वर्षं मी तिला शिव्याशाप दिले, पण त्या वेळी मला वाटलं उठावं आणि तिला तिथून खाली आणावं.

ते सुटले, निर्दोष. दादा शिव्या देत होता, वकील अपिलाचं बोलत होते. मी व्हरांड्यात बसून ढसाढसा रडले. सगळे समजूत घालत होते, बाई, न्याय नाय मिळाला. मी रडत होते, कारण आता पुढची तारीख नव्हती.

नंतरची तीन वर्षं त्यांचं तोंड दिसलं नाय. मी डोंबिवलीला एका पोळीभाजी केंद्रात लागले, शोभा शिकत होती. कोणी कोणी सांगायचं, कमळ रोज मागं लागते, आता तरी सात पावलं चाला माझ्याबरोबर, आणि हे बोलतात, वेडी का, पुन्हा केस होईल. एक दिवस ती पोराला घेऊन आईकडे निघून गेली. आणि पुढच्या रविवारी दुपारी हे माझ्या दारात. हातात पिशवी, केस पांढरे झालेले. सिंधू, येऊ का आत?

नऊ वर्षं मी ह्याच शब्दांची वाट बघितलेली. मी पाणी दिलं, जेवायला वाढलं. त्यांनी जेवून ताट स्वतः धुतलं, हे पूर्वी कधी नव्हतं. मंग मी विचारलं, अहो, कमळने कोर्टात नाय म्हटलं तवा तुम्ही भिंतीकडं का बघत होतात? ते बोलले, दुसरं काय करणार, वकिलाने सांगितलेलं. मी बोलले, उद्या कुठल्या वकिलाने सांगितलं की सिंधूशीपण लग्न झालं नाय म्हण, तर? ते बोलले, काहीतरीच काय. मी बोलले, तुम्ही आज जा. मी आज जा बोललेली ताई, कायमचं जा नव्हती बोलली. त्यांनी पिशवी उचलली, शोभा घरात नव्हती, तिची वाटपण बघितली नाय.

ते दिव्यालाच एका दुकानात मशीनवर बसतात, एकटे राहतात. कमळने आईच्या दारात मासळी विकून पोराला शाळेत घातलंय, एकदा कल्याणच्या बाजारात भेटलेली, निघताना तिने माझ्या पिशवीत बोंबील घातले. शोभा आता ठाण्याला हापिसात जाते, बोलते, आई, रीतसर सोडचिठ्ठी घे, मोकळी हो. मी बोलते, बघू.

लोक बोलतात, सिंधूने बरं केलं, दारातून घालवलं. मला नाय माहीत. ते दुसऱ्यांदा आले असते तर मला नाय म्हणवलं नसतं, हे मी तुम्हाला देवाशपथ सांगते. पण ते दुसऱ्यांदा आलेच नायत. असो. जिथं असतील तिथं डोळ्यांना नीट दिसो, हातात काम राहो. आणि त्या कमळच्या पोराचं भलं होवो.